पाचशे मिलिमीटर आणि मधली हवा : निकॉन २००-५०० मिमी लेन्स, चार हिवाळ्यांनंतर

निकॉनची २००-५०० मिमी एफ/५.६ ही टेलिफोटो झूम लेन्स मी चार हिवाळ्यांपासून वापरतो आहे, आणि त्यांतला पहिला अख्खा हिवाळा मी तिच्याविषयी चुकीचे मत बाळगण्यात घालवला. नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात काढलेली बहुतेक छायाचित्रे पुसट येत होती. पक्षी ओळखू येई, पण पिसांच्या रेषा लोण्यात बुडाल्यासारख्या दिसत. लेन्स सेकंडहँड होती, ६२,००० रुपयांना घेतलेली, आणि विकणाऱ्याने नंतर पाठवतो म्हणून सांगितलेले हूड (पुढच्या काचेवर तिरपे ऊन पडू न देणारी नळी) कधीच पाठवले नव्हते, त्यामुळे माझा संशय आधी त्याच्यावर आणि मग काचेवर गेला. शेवटी एका रविवारी घरातल्या भिंतीवरची दिनदर्शिका मी आठ मीटरवरून, ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवून टिपली. तिथीखाली छापलेली सूर्योदय-सूर्यास्ताची बारीक अक्षरे कागदाच्या पोतासकट वाचता येत होती. म्हणजे दोष लेन्समध्ये नव्हता. तो लेन्स आणि पक्षी यांच्या मध्ये जे काही होते त्यात होता, आणि त्यातले निम्मे मीच तयार केलेले होते : निफाडच्या बोचऱ्या थंडीत गाडीचा हीटर चालू ठेवून, काच खाली करून, खिडकीतून मी छायाचित्रे काढत होतो. गाडीतली उबदार हवा खिडकीतून बाहेरच्या गार हवेत मिसळताना थरथरते आणि ती थरथर ५०० मिमीवर स्पष्ट दिसते. हे परीक्षण मुख्यतः या मधल्या हवेविषयी आहे, कारण नाशिकच्या आसपास या लेन्सचा उपयोग किती होईल हे तिच्या काचांपेक्षा हवाच अधिक ठरवते.

आधी वस्तूची ओळख. ही लेन्स २०१५ मध्ये बाजारात आली. बारा गटांत एकोणीस भिंगे आहेत आणि त्यांपैकी तीन ईडी काचेची, म्हणजे रंगांची किनार कमी करणाऱ्या खास काचेची आहेत. संपूर्ण झूममध्ये एफ/५.६ हे छिद्रमान (उजेड आत घेणारे छिद्र किती उघडते याचे माप; आकडा लहान तितका उजेड जास्त) कायम राहते, सर्वांत जवळचे फोकस २.२ मीटरवर होते, फिल्टरचा व्यास ९५ मिमी आहे आणि ट्रायपॉड कॉलरसह (लेन्सभोवतीचे, ट्रायपॉडला जोडायचे कडे) वजन २,३०० ग्रॅम आहे. माझा कॅमेरा निकॉन डी५००; बॅटरी आणि कार्डासह त्याचे वजन ८६० ग्रॅम. गळ्यात सव्वातीन किलोच्या आसपासचे ओझे अडकवून चालण्याची कल्पना दुकानाच्या काउंटरसमोर येत नाही. ती नांदूर मध्यमेश्वरजवळच्या चापडगावच्या बांधावर, दुसऱ्या किलोमीटरनंतर येते. लेन्ससोबत मिळणारा पट्टा मी पहिल्याच आठवड्यात बाजूला ठेवला आणि ट्रायपॉड कॉलरला अडकणारा, खांद्यावरून तिरपा जाणारा पट्टा घेतला. वजन कॅमेऱ्याच्या माउंटवर, म्हणजे लेन्स जोडायच्या कड्यावर, न पडता लेन्सवर पडले पाहिजे, एवढी काळजी प्रत्येकाने घ्यावी.

डी५०० चा सेन्सर लहान, म्हणजे डीएक्स आकाराचा असल्यामुळे या लेन्सचा दृष्टिकोन, म्हणजे चौकटीत मावणारा कोन, पूर्ण फ्रेमच्या (मोठ्या, ३५ मिमी फिल्मइतक्या सेन्सरच्या) हिशेबात ३०० ते ७५० मिमी इतका होतो. नव्या छायाचित्रकाराला हा ७५० चा आकडा भुरळ घालतो, म्हणून तो मीटरमध्ये मांडून पाहणे बरे. या जोडीने ५०० मिमीवर २० मीटर अंतरावरची सुमारे ९५ सेंटीमीटर रुंदीची जागा चौकटीत मावते, ५० मीटरवर ती सव्वादोन मीटरच्या थोडी पुढे जाते आणि १०० मीटरवर साडेचार मीटरपेक्षा जास्त होते. जांभळी पाणकोंबडी चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण ४५ सेंटीमीटर भरते. म्हणजे २० मीटरवर ती अर्धी चौकट व्यापते, ५० मीटरवर पाचवा हिस्सा आणि १०० मीटरवर दहावा. शंभर मीटरवरच्या पाणकोंबडीचे छायाचित्र नंतर संगणकावर कापून मोठे करता येते हे खरे, पण तेव्हा पक्ष्याबरोबर मधली शंभर मीटर हवाही मोठी होते. मला ही लेन्स दूरची म्हणून नव्हे, तर वीस ते चाळीस मीटरची लेन्स म्हणून कळली, त्या दिवसापासून माझी छायाचित्रे सुधारली.

नांदूर मध्यमेश्वर हे ठिकाण तिच्या परीक्षेसाठी उत्तम आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या बंधाऱ्यामुळे पाणी अडले, त्यात गाळ साचत गेला आणि उथळ पाण्याची, बेटांची, पाणगवताची अशी एक दुनिया तयार झाली. १९८६ मध्ये तिला अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून तिची नोंद झाली. हिवाळ्यात येथे थापट्या, तलवार बदक, चक्रवाक असे पाहुणे उतरतात; वारकरी पक्षी काळ्या दिंडीसारखे पाण्यावर पसरलेले असतात; चित्रबलाक, चमचा, शराटी, शेकाट्या आणि कमळपक्षी उथळ पाण्यात वावरतात, आणि या सगळ्यांच्या डोक्यावरून दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी गवताला जवळजवळ घासत गस्त घालतो. तो आला की अख्खे पाणी एकदम उडते. झूम लेन्सची किंमत त्या क्षणी कळते : ५०० वर एकट्या पक्ष्यावर असताना क्षणात २०० वर येऊन उडणारा थवा पकडता येतो, जे एकाच फोकल लांबीच्या लेन्सने शक्य नाही. मात्र या लेन्सच्या झूमची कडी लांब फिरते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाताना मनगटाची एक फेरी पुरत नाही, पकड बदलावी लागते, आणि तेवढ्यात थव्याचा पहिला भाग निघून गेलेला असतो. मी आता बसलेल्या पक्ष्यावर असतानाही डाव्या हाताची पकड अशी धरतो की उलट दिशेला वळवायला जागा राहील. ही सवय अंगवळणी पडायला मला एक अख्खा हंगाम लागला.

पहिल्या हिवाळ्यात तिथल्या एका मार्गदर्शकाने माझी धडपड पाहून एवढेच म्हटले होते, “सर, दहाच्या पुढं पाणी नाचतं. मग तुमची नळी कितीबी मोठी असू द्या.” तेव्हा मी हसलो होतो. त्याचे म्हणणे भौतिकशास्त्राला धरून आहे. ऊन चढले की जमीन आणि काठावरचा ओला गाळ हवेपेक्षा लवकर तापतो, लगतची हवा गरम होऊन वर सरकते, आणि गरम व गार हवेचे पुंजके प्रकाशाला निरनिराळ्या प्रमाणात वाकवतात. रस्त्यावरचे मृगजळ याच कारणाने दिसते. शटर कितीही वेगवान ठेवले, ट्रायपॉड कितीही भक्कम घेतला, तरी ही थरथर जात नाही. ती कमी करण्याचा उपाय एकच, अंतर कमी करणे. पहाटेचीही एक निराळी अडचण आहे. डिसेंबर-जानेवारीत निफाड तालुक्यातला पारा राज्यातल्या नीचांकांमध्ये मोजला जातो, तेव्हा पाणी हवेपेक्षा उबदार असते आणि त्यावरून वाफ उठत राहते. वाफेतले चक्रवाक पाहायला सुंदर असतात आणि वातावरणाचे छायाचित्र म्हणून ते टिपावेतही, पण त्यात पिसांचा तपशील शोधू नये. म्हणजे धुके विरल्यापासून पाणी नाचू लागेपर्यंत, ढोबळमानाने साडेसात ते साडेनऊ, एवढाच या लेन्सचा खरा कामाचा वेळ. नाशिकहून निघून निफाडमार्गे द्राक्षबागांच्या रस्त्याने तिथे पोहोचायला सव्वा तास धरला, तर घर अंधारातच सोडावे लागते. आठ वाजता चहा घेऊन निघणाऱ्यांनी लेन्सला दोष देऊ नये.

गाडीच्या बाबतीत मी आता पाळतो तो नियम असा : हीटर बंद, चारही काचा खाली, आणि पोहोचल्यावर पंधरा मिनिटे लेन्स पिशवीतून बाहेर काढून तशीच ठेवायची, म्हणजे नळीतली आणि हूडमधली हवा बाहेरच्या हवेइतकी गार होते. खिडकीवर लेन्स टेकवायला मी जाड कापडाची पिशवी शिवून घेतली आणि तिच्यात दोन किलो मूग भरले. हंगाम संपला की मूग स्वयंपाकघरात परत जातात, त्यामुळे या उपकरणाबद्दल घरात तक्रार नाही.

कंपन रोखण्याची व्हीआर यंत्रणा साडेचार स्टॉपपर्यंत (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) मदत करते असे कंपनी सांगते. आकड्याची मोजणी मी केलेली नाही, पण स्थिर बसलेल्या खंड्याचे छायाचित्र हातात धरून सेकंदाच्या १/२०० भागात अनेकदा स्पष्ट आले आहे, आणि सव्वातीन किलोच्या जोडीसाठी ही मोठी गोष्ट आहे. उडत्या पक्ष्यासाठी मात्र व्हीआरचा भरवसा धरू नये. ती आपला हात स्थिर करते, पक्ष्याचे पंख नाही. भोवत्यासाठी मी १/२००० ठेवतो आणि यंत्रणा ‘स्पोर्ट’ स्थितीत, कारण ‘नॉर्मल’मध्ये कॅमेरा वळवताना दृश्य किंचित मागे ओढल्यासारखे वाटते. ऑटोफोकस अचूक आहे, पण चपळ नाही. पक्षी निसटून फोकस एकदा पार्श्वभूमीच्या गवतावर गेला की परत यायला वेळ लागतो, म्हणून फोकसची मर्यादा ठरवणारे बटण मी सहसा सहा मीटरपासून अनंतापर्यंतच्या बाजूला ठेवतो. बटण तसेच राहिल्याने बांधाच्या कठड्यावर चार मीटरवर येऊन बसलेला कवड्या खंड्या मी दोनदा घालवला आहे. तो दोष लेन्सच्या खात्यात टाकता येणार नाही.

छिद्रमान एफ/५.६ वर ५०० मिमीचे छायाचित्र मला पुरेसे स्पष्ट वाटते. एफ/८ वर थोडे अधिक कडक होते, पण पहाटेच्या उजेडात ती चैन परवडत नाही. फोकसची खोली, म्हणजे पुढे-मागे जेवढे अंतर स्पष्ट येते ते, इथे लक्षात ठेवावी. वीस मीटरवर ती साधारण ३५ सेंटीमीटर असते, दहा मीटरवर जेमतेम नऊ. शेकाट्याचा डोळा स्पष्ट आणि शेपूट अस्पष्ट ही त्याच्या डीएक्सवरच्या छायाचित्राची सामान्य अवस्था आहे, आणि ती मला आवडते. १.४ पटीचा टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसणारे, फोकल लांबी वाढवणारे भिंग) मी एका मित्राचा आणून पाहिला. लेन्स २८०-७०० मिमी एफ/८ होते, डी५०० चे मोजकेच फोकस बिंदू काम करतात, आणि हवेचा प्रश्न १.४ पट वाढतो. आठवड्यात परत केला.

अंजनेरीला प्रश्न उलटा होतो, आणि माझ्या मते या लेन्सची खरी करामत तिथे दिसते. त्र्यंबक रस्त्यावरच्या या डोंगराच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडे राहतात. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधाने भारतभर गिधाडांचा जो संहार झाला, त्यातून वाचलेल्या मोजक्या जागांपैकी ही एक आहे. भारतात त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर २००६ मध्ये बंदी आली. गिधाड सकाळी लवकर उडत नाही. ऊन चढून कडे तापले, गरम हवा वर उठू लागली, की मग ते पंख पसरून तिच्यावर स्वार होते. म्हणजे छायाचित्रकाराचा शत्रू असलेली हवा हेच त्याचे वाहन. दहाच्या सुमारास तापलेल्या काळ्या पाषाणाच्या पार्श्वभूमीवर बसलेले गिधाड मी टिपले तेव्हा कड्यासकट सगळे वितळल्यासारखे आले. त्याच वेळी डोक्यावर, निळ्या आकाशात, जवळजवळ तेवढ्याच अंतरावर घिरट्या घालणारे गिधाड पंखांच्या बोटांसारख्या टोकांसकट स्वच्छ आले. जमिनीलगत किंवा कड्यालगत जाणारी दृष्टिरेषा सगळ्यात गढूळ थरातून जाते, वर जाणारी त्यातून लवकर सुटते. पक्ष्याच्या पंखांचा पसारा दोन मीटरच्या वर असल्याने दोनशे मीटरवरही तो चौकटीचा पाचवा भाग सहज व्यापतो. आकाश उजळ असल्यामुळे मी प्रकाश एक स्टॉप वाढवतो, अन्यथा गिधाडाची नुसती सावली हाती लागते. हिवाळा हा त्यांच्या विणीचा काळ आहे, त्यामुळे घरट्यासमोर कड्याच्या टोकावर जाऊन उभे राहण्याचा मोह टाळावा. ही लेन्स खालच्या पठारावरून पुरेशी आहे. सव्वातीन किलो घेऊन गड चढणे मात्र पन्नाशीत सोपे नाही, आणि माकडांपासून पिशवी सांभाळणे त्याहून अवघड.

येवला तालुक्यातल्या ममदापूरच्या माळावर काळवीट पाहायला गेलो होतो. सपाट, गवताळ, झाडे विरळ, आणि काळवीट अंतर राखून असणारे. नऊ वाजताच त्यांचे पाय जमिनीपासून सुटून हवेत तरंगू लागले. मृगजळात मृग, अशी ती छायाचित्रे होती; शब्दाला साजेशी, पण मासिकाला पाठवण्यासारखी नाहीत. तिथे सूर्योदयानंतरच्या तासाभरातच काय ते काम करावे.

प्रवासासाठी ही लेन्स घ्यावी का, असे मला बरेच जण विचारतात, विशेषतः २०२७ च्या सिंहस्थाचे वेध लागल्यापासून. माझे उत्तर स्पष्ट नाही असे आहे. रामकुंडावर मी ती दोन संध्याकाळी वापरली. डीएक्सवर २०० मिमी म्हणजे ३०० मिमीचा दृष्टिकोन. वीस मीटरवरच्या माणसाचे छायाचित्र घेताना चौकटीत सव्वादोन मीटर रुंदीची जागा येते, म्हणजे एक माणूस आणि त्याच्या शेजारच्याचा खांदा. घाट, पायऱ्या, गर्दी, पलीकडच्या देवळांची शिखरे यांतले काहीच त्यात येत नाही. दूरच्या दिव्यांच्या ओळी एकमेकींवर चढवून दाखवण्याची टेलिफोटोची किमया आरतीच्या वेळी छान साधते, पण त्या वेळचा उजेड एफ/५.६ ला अपुरा पडतो आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनक्षमता; वाढवली की चित्रात कण दिसतात) ६४०० च्या पुढे जावे लागते. आणखी एक गोष्ट मला खटकली. स्नान करणाऱ्या माणसांवर पलीकडच्या काठावरून एवढी मोठी नळी रोखणे हे बघ्यांना आणि स्नान करणाऱ्यांना, दोघांनाही आवडत नाही, आणि का आवडावे? घाटावर मी आता ७०-३०० मिमीची लहान लेन्स नेतो आणि जवळ जाऊन विचारतो.

विमानाने जायचे असेल तर देशांतर्गत प्रवासात हातातल्या सामानाला साधारणतः सात किलोची मर्यादा असते, आणि त्यातले निम्मे ही जोडीच खाते. ताडोबाला मी ती रेल्वेने नेली. जिप्सीत मुगाची पिशवी उपयोगी पडली, वाघीण दिसली, आणि ती रस्ता ओलांडताना बारा मीटरवर होती. २०० मिमीवर चेहरा आणि खांदे एवढेच चौकटीत आले. शेजारच्या मुलाने मोबाइलवर पूर्ण वाघीण टिपली.

आता पर्यायांचे थोडे. निकॉनची ५०० मिमी एफ/५.६ पीएफ ही २०१८ ची लेन्स १,४६० ग्रॅमची आहे आणि तिचे फोकस कितीतरी चपळ आहे. चालत फिरणाऱ्याने झूमचा मोह सोडून तिचा विचार करावा, पैसे असतील तर. निकॉनचा मिररलेस (आत आरसा नसलेला) झेड कॅमेरा असणाऱ्यांसाठी २०२३ मध्ये आलेली १८०-६०० मिमी अधिक सोयीची, कारण झूम करताना तिची लांबी वाढत नाही आणि तोल बदलत नाही. माझी २००-५०० झूम करताना पुढे सरकते, ट्रायपॉडवर तोल पुन्हा साधावा लागतो, आणि तिचा पाय आर्का पद्धतीचा (ट्रायपॉडच्या डोक्यात थेट सरकवता येणारा) नसल्याने खाली वेगळी पट्टी जोडावी लागते. या त्रुटी मला आधीपासून माहीत होत्या, आणि किंमत पाहता मान्यही आहेत. निफाड-त्र्यंबक-येवला एवढ्याच टप्प्यात, स्वतःच्या गाडीने, हिवाळ्यात पक्षी टिपणाऱ्यासाठी मी आजही हीच सेकंडहँड घ्यायला सांगेन.

घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. या लेन्सचे छिद्र विद्युत्-चुंबकीय पद्धतीने चालते, त्यामुळे डी९० सारख्या जुन्या कॅमेऱ्यांवर ते नियंत्रित होत नाही. आपला कॅमेरा सोबत नेऊन एफ/५.६ आणि एफ/११ अशी दोन्ही छायाचित्रे तिथेच काढून पाहावीत. दुसरे, पुढच्या काचेतून मोबाइलचा दिवा तिरपा टाकून आत पाहावे. धुळीचे चार कण निरुपद्रवी असतात, पण कोळ्याच्या जाळ्यासारखी फांद्या फुटलेली नक्षी दिसली तर ती बुरशी असते आणि किंमत कितीही कमी असली तरी परत फिरावे. आपल्याकडे, विशेषतः इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात, बुरशी लागायला एक हंगाम पुरतो. माझी लेन्स जून ते सप्टेंबर झाकण घट्ट बसणाऱ्या धान्याच्या डब्यात असते, सोबत सिलिका जेलच्या पुड्या आणि दहा-वीस रुपयांचा नव्हे, पण तीन-चारशे रुपयांचा आर्द्रतामापक. काटा ५० टक्क्यांवर गेला की पुड्या कढईत मंद आचेवर भाजून परत ठेवतो. दर पंधरा दिवसांनी तिला बाहेर काढून तासभर उजेडात ठेवतो आणि कडी दोन्ही टोकांपर्यंत फिरवतो. हूड अजूनही मूळचे नाही. मेन रोडवरच्या एका दुकानात मिळालेले प्लास्टिकचे आहे, किंचित सैल, आणि त्याला मी आतून सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवली आहे.